पतित देवदूत आणि त्यांचें पाप

पतित देवदूतांची गोष्ट ख्रिस्ती घरांतील बहुतेक मुलांस ठाऊक असते. सृष्टि निर्माण होण्यापूर्वीं स्वर्गांत ल्युसिफर नांवाचा अत्यंत तेजस्वी देवदूत होता. त्यास गर्व झाला. देवाच्या आसनाशेजारीं आपलेंहि आसन मांडावें अशी त्यास बुद्धि झाली. देवदूतांपैकीं एक-तृतीयांश त्याच्या पक्षास मिळाले. मीखाएलाशीं युद्ध होऊन ते सर्व खालीं लोटले गेले. ही गोष्ट आजी सांगते, रविवारच्या शाळेंत सांगतात, आणि मीहि पुष्कळ वर्षें वर्गांत ती अशीच सांगत आलों.

एके दिवशीं नववीच्या वर्गांत ती सांगून झाल्यावर मागच्या बांकावरील एका मुलानें उठून विचारलें, ‘‘सर, हें शास्त्रांत कोठें आहे? अध्याय सांगा, म्हणजे मी घरीं वडिलांस वाचून दाखवीन.’’ प्रश्नामागील कारण मला ठाऊक होतें. आदल्याच आठवड्यांत परीक्षेच्या वेळीं शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेंतून उतरून घेतांना तो सांपडला होता, आणि ‘सैतानानें मला भुलविलें’ असें त्यानें घरीं व शाळेंत दोन्हीकडे सांगितलें होतें. तेव्हां सैतान मुळांत कसा बिघडला, हा विषय त्याच्यापुरता नुसत्या पाठांतराचा राहिला नव्हता. ‘‘उद्यां सांगतों’’ असें म्हणून मीं वेळ मारून नेली आणि रात्रीं शास्त्र उघडून बसलों.

तो अध्याय सांपडला नाहीं, कारण असा एक अध्याय शास्त्रांत नाहींच. गोष्टीचे निरनिराळे मणी निरनिराळ्या पुस्तकांत आहेत. ते एका दोऱ्यांत ओंवण्याचें काम पुढील काळच्या वाचकांनीं केलें. माळ खोटी आहे असें माझें म्हणणें नाहीं. परंतु मणी कोणते व दोरा कोणता, हें शिकविणाऱ्यास तरी ठाऊक असावयास पाहिजे होतें.

पहिला मणी यशयाच्या चौदाव्या अध्यायांतील आहे. ताऱ्यांहून उंच आपलें सिंहासन मांडीन, परात्परासारखा होईन, असें म्हणणारा कोणी एक प्रभाततारा आकाशांतून पडला, असें तेथें वर्णन आहे. पण हें गीत बाबेलच्या राजाविषयीं आहे असें संदेष्ट्यानें आरंभींच सांगितलें आहे. आणि त्या पतितास पाहून लोक विस्मयानें विचारतात कीं, राज्यें हालविणारा तो मनुष्य हाच काय? त्याच्या प्रेतास कबरहि मिळत नाहीं. प्रेत हें मनुष्याचें असतें, देवदूताचें नव्हे. जेरोमनें शास्त्राचें लॅटिन भाषांतर केलें, तेव्हां प्रभाततारा या अर्थाच्या हिब्रू शब्दासाठीं त्यानें ‘ल्युसिफर’ हा साधा लॅटिन शब्द घातला. त्याचा अर्थ प्रकाश आणणारा, म्हणजे पहाटे दिसणारी शुक्राची चांदणी. गंमत अशी कीं, पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायांत विश्वासणाऱ्यांच्या अंतःकरणांत उगवणारा जो प्रभाततारा आहे, त्यासहि लॅटिन शास्त्रांत हाच शब्द आहे. आणि चवथ्या शतकांत सार्डिनिया बेटावरील काग्लियारी येथें ल्युसिफर नांवाचा एक बिशपच होऊन गेला! तोंपर्यंत त्या नांवास काळोख चिकटला नव्हता, हें उघड आहे. पुढें सोळाव्या शतकांत कॅल्व्हिननें या अध्यायाचें विवरण करितांना, येथें सैतानाचा इतिहास पाहणें हें अज्ञान आहे, असा स्पष्ट अभिप्राय दिला.

यहेज्केलाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायाचेंहि असेंच आहे. एदेन बागेंत रत्नांनीं मढलेला, निर्दोष, आणि मग पापामुळें टाकून दिलेला असा जो तेथें वर्णिला आहे, तो सोर नगराचा राजा होय. त्याच्या पापांत व्यापाराच्या वाढीबरोबर आलेला जुलूमहि मोजला आहे. मीखाएलाचें युद्ध आणि शेंपटीनें ओढलेले एक-तृतीयांश तारे हे प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायांत आहेत खरे; पण तेथें अजगराचा पाडाव हा बालक जन्मून देवाजवळ नेला गेल्यानंतर सांगितला आहे, सृष्टीपूर्वीं नव्हे. आणि सैतान विजेप्रमाणें आकाशांतून पडतांना आपण पाहिला, असें प्रभु लूकाच्या दहाव्या अध्यायांत म्हणतो, तें भुतें आपणांस वश होतात म्हणून हर्षून परत आलेल्या शिष्यांस. त्या आनंदांत राहूं नका, तुमचीं नांवें स्वर्गांत लिहिलेलीं आहेत यांत आनंद माना, असें तो त्यांस लागलीच बजावतो.

आतां ज्या ठिकाणीं स्वर्गींच्या कोणी खरोखर कांहीं केलें असें दिसतें, तें ठिकाण पाहूं. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभीं अवघीं चार वचनें आहेत. पृथ्वीवर मनुष्यें वाढलीं, त्यांस कन्या झाल्या. देवपुत्रांनीं त्या सुंदर आहेत असें पाहून मनास येतील त्या बायका करून घेतल्या. देवानें मनुष्याच्या आयुष्यास एकशें वीस वर्षांची मर्यादा घातली. त्या काळीं पृथ्वीवर नेफिलीम होते, आणि त्या संबंधापासून झालेले पुरुष नामांकित वीर ठरले. एवढें सांगून लेखक पुढें जातो. हे देवपुत्र कोण, हें तो सांगत नाहीं. त्याच्या वाचकांस तें ठाऊक असावें.

पुढील वाचकांस ठाऊक नव्हतें, म्हणून वाद झाले. सर्वांत जुना अर्थ असा कीं, देवपुत्र म्हणजे देवदूत. तो इसवी सनापूर्वींच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास हनोखाच्या नांवानें लिहिलेल्या एका ग्रंथांत मोठ्या विस्तारानें आला आहे. त्यांत दोनशें देवदूत हर्मोन पर्वतावर उतरतात. त्यांचा मुख्य शेमिहाझा सोबत्यांस म्हणतो, तुम्ही ऐन वेळीं मागें सराल आणि या पापाचें प्रायश्चित्त मला एकट्यास भोगावें लागेल. तेव्हां सर्वजण परस्परांस शपथेनें बांधून घेतात. (शाळेंत कांहीं वर्षें काढलेल्या कोणाहि शिक्षकास ही मसलत ओळखीची वाटेल.) मग ते बायका करितात, आणि त्यांस राक्षसी देहाचे पुत्र होतात. ते पुत्र प्रथम मनुष्यांच्या श्रमाचें सर्व फळ खाऊन टाकतात, तें पुरेनासें झालें म्हणजे मनुष्यांस खातात, आणि अखेरीस एकमेकांस.

पण या ग्रंथांत स्त्रियांचा मोह हें एकच पाप नाहीं. असाएल, ज्यास अजाजेल असेंहि म्हटलें आहे, तो मनुष्यांस तरवारी, सुऱ्या, ढाली व चिलखतें घडविण्यास शिकवितो. कंकणें, डोळ्यांत घालावयाचें अंजन, रत्नें आणि रंग यांची विद्या देतो. दुसरे कोणी मंत्र, मुळ्या कापण्याची कला आणि ताऱ्यांवरून शकुन पाहणें शिकवितात. म्हणजे जें ज्ञान मनुष्याच्या हातीं अशा रीतीनें यावयाचें नव्हतें, तें त्यांनीं आणून दिलें, हा त्यांचा दुसरा अपराध. यांतील अंजनावर व बांगड्यांवर ठेवलेला दोष आमच्या विद्यार्थिनींस मान्य होणार नाहीं, आणि मलाहि तो पटत नाहीं. पण तरवार कोठून आली असा प्रश्न ज्यास पडला, त्या लेखकाच्या काळजाशीं कांहीं तरी दुःख होतें असें वाटतें. तो काळ अलेक्झांडरच्या सेनापतींच्या वारसांनीं पालेस्टाइनवरून एकमेकांशीं लढण्याचा होता.

हा संपूर्ण ग्रंथ केवळ हबशी लोकांच्या प्राचीन गेझ भाषेंत टिकून राहिला, आणि तेथील ऑर्थोडॉक्स मंडळी आजहि त्यास शास्त्रांत स्थान देते. जेम्स ब्रूस नांवाच्या स्कॉटिश प्रवाशानें त्याच्या प्रती १७७३ सालीं युरोपांत आणल्या. रिचर्ड लॉरेन्स यानें केलेलें इंग्रजी भाषांतर १८२१ सालीं निघालें. पुढें मृतसमुद्राजवळील कुमरान येथील चवथ्या गुहेंत १९५२ सालीं जीं फाटकींतुटकीं चर्मपत्रें मिळालीं, त्यांत या ग्रंथाचे अरामी भाषेंतील तुकडे निघाले. ते मिलिक या पंडितानें १९७६ सालीं प्रसिद्ध केले. त्यावरून ग्रंथ ख्रिस्ताच्या पूर्वींचा आहे याबद्दल शंका उरली नाहीं.

आणि हा ग्रंथ नव्या करारास अपरिचित नव्हता. यहूदाच्या लहानशा पत्रांत हनोखाचें म्हणून जें भविष्य दिलें आहे, तें याच ग्रंथांत आढळतें. त्याच पत्राच्या सहाव्या वचनांत, आपलें अधिकारपद न राखतां आपली वस्ती सोडून गेलेल्या देवदूतांचा उल्लेख आहे, आणि लगेच सदोम व गमोरा यांचें उदाहरण जोडलें आहे. पेत्राचें दुसरें पत्रहि पाप केलेल्या देवदूतांस अंधारांत टाकल्याचें सांगतें. तेथें मूळ ग्रीकमध्यें जें क्रियापद आहे, तें ग्रीक लोकांच्या पाताळाच्या, तार्तरसच्या, नांवावरून बनलेलें असून नव्या करारांत दुसरीकडे कोठेंहि आलेलें नाहीं.

म्हणून पहिल्या शतकांतील ख्रिस्ती लेखकांनीं देवपुत्र म्हणजे देवदूत हेंच धरलें. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन मार्टर यानें लिहिलें कीं, मोहास बळी पडलेल्या या देवदूतांचीच संतति म्हणजे भुतें. टर्टुलियनास तर हनोखाचा ग्रंथ इतका प्रिय होता कीं, जलप्रलयांतून तो वांचला कसा या आक्षेपास त्यानें उत्तर दिलें: नोहा हा हनोखाचा पणतू होता, पणजोबांचे शब्द घराण्यांत जपून राहणारच.

परंतु हळूहळू वारें फिरलें. यहुदी पंडितांत दुसऱ्या शतकांतील रब्बी शिमोन बेन योहाय यानें या देवपुत्रांचा अर्थ न्यायाधीशांचे, म्हणजे मोठ्या लोकांचे, पुत्र असा केला, आणि त्यांस देवाचे पुत्र म्हणणाऱ्यांस शाप दिला. ख्रिस्ती लेखकांत तिसऱ्या शतकांतील ज्युलियस आफ्रिकानस यानें नवीन वाट दाखविली: देवपुत्र म्हणजे शेथाच्या धार्मिक कुळांतील पुरुष, आणि मानवकन्या म्हणजे काइनाच्या कुळांतील स्त्रिया. ख्रिसोस्तोम व ऑगस्टीन यांनीं हा अर्थ उचलून धरला, आणि पश्चिमेकडील मंडळींत तोच शेंकडों वर्षें शिकविला गेला. त्याचा मुख्य आधार मत्तयाच्या बाविसाव्या अध्यायांतील प्रभूचें म्हणणें हा होता. पुनरुत्थान झालेले लोक लग्न करीत नाहींत, ते स्वर्गांतील देवदूतांसारखे असतात. मग देवदूतांनीं बायका कशा केल्या? यावर पहिल्या पक्षाचें उत्तर असें कीं, प्रभु स्वर्गांत असलेल्या देवदूतांविषयीं बोलतो; हे तर स्वर्ग सोडून आलेले.

माझें मत विचाराल तर, शब्दाच्या दृष्टीनें जुनाच अर्थ बळकट आहे. इयोबाच्या पुस्तकांत देवपुत्र परमेश्वरापुढें उभे राहतात, आणि पृथ्वीचा पाया घातला तेव्हां ते जयघोष करितात. तेथें कोणी शेथाचे वंशज मानणार नाहीं. शिवाय उत्पत्तीच्या त्या अध्यायांत काइनाचें नांवहि नाहीं. ऑगस्टीनच्या पक्षानें शास्त्रास एका अवघड गोष्टींतून सोडविण्याचा प्रयत्न केला. हेतु चांगला होता, पण शास्त्रानें सोडवणूक मागितली होती असें दिसत नाहीं.

सहाव्या अध्यायांतून देवदूत गेले, तेव्हां त्यांच्या पापासाठीं दुसरी जागा शोधणें भाग पडलें. कांहींनीं मत्सर हें मूळ मानलें. ज्ञानाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायांत, सैतानाच्या हेव्यामुळें मरण जगांत आलें असें आहे. आणि ‘आदाम व हव्वा यांचें चरित्र’ या प्राचीन ग्रंथांत, नव्यानें घडविलेल्या आदामास नमन करण्याचें नाकारल्यामुळें सैतान खालीं टाकला गेला. आमच्या शाळांतील मुसलमान विद्यार्थ्यांस ही कथा ओळखीची वाटेल, कारण कुराणांतील इब्लिसाचाहि अपराध हाच आहे. दुसऱ्यांनीं गर्वावर बोट ठेविलें. तिसऱ्या शतकांत ऑरिजेननें यशया व यहेज्केल यांतील ते दोन राजे सैतानास लावले. तेराव्या शतकांत थॉमस अक्वायनस यानें, देवदूतास देह नसल्यामुळें देहाचीं पापें त्यास मुळीं शक्यच नाहींत, गर्व आणि त्यामागून मत्सर हींच शक्य, असा निर्वाळा दिला. माळ येथें पुरी झाली. तीच माळ फादर स्टीफन्स यांनीं आपल्या मराठी ओव्यांत घातली. त्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यांत १६१६ सालीं प्रथम छापलें गेलें. इंग्रजींत मिल्टनच्या १६६७ सालच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ काव्यानें तीस असें रूप दिलें कीं, पुष्कळांस तेंच शास्त्र वाटूं लागलें. त्या रात्रीपर्यंत मीहि त्या पुष्कळांपैकीं होतों.

काम, अकालीं दिलेलें ज्ञान, मत्सर, गर्व, यांपैकीं कोणतें? मला यहूदाकडे पुनः पुनः वळावेंसें वाटतें. तो यांपैकीं एकाचेंहि नांव घेत नाहीं. तो ‘राखणें’ या अर्थाचें एक ग्रीक क्रियापद घेतो, आणि तेंच फिरवितो: ज्या देवदूतांनीं आपलें पद राखलें नाहीं, त्यांस देवानें न्यायाच्या दिवसासाठीं बंधनांत राखून ठेविलें आहे. पत्राच्या पहिल्याच वचनांत वाचक हे येशू ख्रिस्तासाठीं राखलेले आहेत. आणि शेवटाकडे तो त्यांस सांगतो कीं, देवाच्या प्रीतींत स्वतःस राखा. देवदूतांचें पाप त्याच्या दृष्टीनें इतकें साधें आहे. दिलेली जागा होती. ती त्यांनीं सोडली.

दुसऱ्या दिवशीं मीं वर्गांत ही हकीकत सांगितली, आणि इतकीं वर्षें आपण अर्धवट शिकविलें हेंहि कबूल केलें. कांहीं मुलांस मौज वाटली, कांहींचा हिरमोड झाला. मागच्या बांकावरील मुलगा मात्र थांबण्यास तयार नव्हता. ‘‘म्हणजे पाप त्यांनींच आणलें ना, सर? आपण फक्त फसलों.’’

मीं त्यास सहाव्या अध्यायाचें पांचवें वचन काढावयास सांगितलें. देवपुत्रांची हकीकत संपते न संपते तोंच तेथें देव पाहतो तें मनुष्याच्या अंतःकरणाकडे, आणि तेथील सर्व कल्पना वाईट आहेत असें त्यास दिसतें. जलप्रलयाचें कारण म्हणून देवदूतांवर एक शब्दहि नाहीं. आणि ज्या हनोखाच्या ग्रंथानें सगळा दोष देवदूतांवर टाकला असें वाटतें, त्याच्याच अठ्ठ्याण्णवाव्या अध्यायांत, बहुधा दुसऱ्या कोणा हातानें, असें लिहिलें आहे कीं, पाप पृथ्वीवर कोणी धाडलेलें नाहीं. मनुष्यांनीं तें आपलें आपण निर्माण केलें. एकाच जिल्दींत हे दोन्ही विचार बांधलेले आहेत. ज्यांनीं ते एकत्र ठेविले, त्यांना त्यांतील विरोध दिसला नसेल असें मला वाटत नाहीं.

मुलगा कांहीं वेळ उभाच राहिला. मग म्हणाला, ‘‘पण सर, सैतानास कोणी भुलविलें?’’

वर्ग हंसला, मला हंसूं आलें नाहीं. ऑगस्टीननें ‘देवाचें नगर’ या ग्रंथाच्या बाराव्या भागांत हाच प्रश्न घेतला आहे. दोन देवदूत, दोघेहि चांगले घडविलेले. एक टिकतो, दुसरा पडतो. पडणाऱ्याची इच्छा कशानें बिघडली? बाहेरच्या दुसऱ्या कोणी बिघडविली म्हणावें, तर त्या दुसऱ्याची कोणी बिघडविली? ऑगस्टीन म्हणतो कीं, वाईट इच्छेचें कारण शोधणें म्हणजे काळोख डोळ्यांनीं पाहूं जाणें किंवा शांतता कानांनीं ऐकूं जाणें होय. शोधणाऱ्यास कांहीं सांपडत नाहीं, कारण तेथें कांहीं असण्यापेक्षां कांहीं तरी नसणेंच आहे. मीं मुलास एवढेंच म्हटलें, ‘‘अरे, तूं ज्याचें नांव सांगितलेंस, त्याला तसें नांव सांगावयास कोणी नव्हतें.’’

तास संपत आला होता, म्हणून हनोखाच्या ग्रंथांतील आणखी एक प्रसंग सांगितला. शिक्षेचा निरोप कळल्यावर ते देवदूत भयानें कांपूं लागले. लाजेनें त्यांस वर पाहवेना, बोलवेना. त्यांनीं हनोखास, म्हणजे एका मनुष्यास, विनविलें कीं, तूंच आमच्यासाठीं क्षमेचा अर्ज लिही. त्यानें तो लिहिला, आणि हर्मोनच्या नैर्ऋत्येस दान प्रांतांत पाण्याच्या कांठीं बसून, झोंप लागेपर्यंत तो वाचीत राहिला. स्वप्नांत त्यास उत्तर मिळालें. अर्ज नामंजूर झाला. आणि देवदूतांस सांगावयाचा निरोप असा होता कीं, तुम्ही मनुष्यांसाठीं रदबदली करावयाची, मनुष्यानें तुमच्यासाठीं नव्हे.

घंटा झाली. मुलें गेलीं. तो मुलगा टेबलाशीं येऊन यहूदाचें पत्र कोणत्या पानावर आहे तें विचारूं लागला. प्रकटीकरणाच्या अगदीं अलीकडे आहे, पुरतीं दोन पानेंहि नाहींत, असें मीं सांगितलें. त्यानें माझेंच शास्त्र मागून घरीं नेलें, आणि सोमवारीं परत आणलें तेव्हां त्या पानांत वर्तमानपत्राचा एक कपटा खुणेस घातलेला होता. तो मीं तसाच ठेविला आहे.